संभाषणातला तिसरा माणूस

१ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून खोटी अटक दाखवून लुटण्याच्या, प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. या आदेशामागे एक पत्र होते. हरयाणातील अंबाला येथील एका वृद्ध दाम्पत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून धमकावण्यात आले होते आणि त्यांच्याकडून एक कोटीहून अधिक रुपये काढून घेण्यात आले होते. त्यांची तक्रार सरन्यायाधीशांपर्यंत पोहोचली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि पुढच्याच महिन्यात देशभरात या मार्गाने लुटली गेलेली रक्कम सुमारे ३,००० कोटी रुपये असल्याचे न्यायालयासमोर आले.

आता तपास होईल, टोळ्या पकडल्या जातील. ते व्हायलाच हवे. पण हा प्रश्न केवळ पोलिसांचा मानला तर त्याचे मूळ हाती लागणार नाही. एखादा वृद्ध माणूस आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर, दाराला बाहेरून कडी नसताना कैदी कसा होतो? याचे उत्तर फोनच्या आणि पैशाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे. त्यातला बहुतेक काळ बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये, तसाच देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये, कोणीतरी तिसरा माणूस उभा असे. तो हळूहळू बाजूला झाला. आपणच त्याला आनंदाने निरोप दिला, आणि तसे करण्याला सबळ कारणेही होती. मात्र राखणीचे जे काम तो निमूटपणे करत होता, ते दुसऱ्या कोणाकडे सोपवायचे राहून गेले. आज आपल्या आईवडिलांची, आजीआजोबांची लूट होते आहे ती त्या मोकळ्या राहिलेल्या जागेतून.

भारतात टेलिफोन एक्स्चेंज उघडली ती जानेवारी १८८२ मध्ये, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत. रिसीव्हर उचलला की आधी ऑपरेटरचा आवाज येई. कोण हवे आहे ते त्याला सांगायचे, मग तो जोडून देणार. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. घाई जितकी मोठी तितका दर चढा. ठरावीक व्यक्तीशीच बोलायचे असेल तर पर्टिक्युलर पर्सन, म्हणजे पी.पी. कॉल लावायचा आणि त्याचे जादा पैसे भरायचे. जोडणी मिळेपर्यंत तास दोन तास फोनपाशी बसून राहायचे. तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्येच वेळेची आठवण करून देई.

घरी फोन असणे हीच मोठी गोष्ट होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून व्हिजिटिंग कार्डावर, लग्नपत्रिकेवर नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ छापलेले असे. त्याचा अर्थ फोन शेजाऱ्यांचा. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडात फोन असे आणि ‘तुमचा फोन आलाय’ ही हाक सगळ्या मजल्याला ऐकू जाई. फोन घेणाऱ्याच्या आजूबाजूला त्या घरातली चार माणसे असत. यात खासगीपण कसले म्हणून नव्हते. सासरी गांजलेल्या मुलीला आईशी मनातले बोलता येत नसे. प्रेमात पडलेल्यांची तर फारच पंचाईत होई. पण कोण्या परक्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तासन्‌तास फोनवर धरून ठेवावे आणि कोणालाही पत्ता लागू नये, हे त्या व्यवस्थेत शक्य नव्हते.

पैशाचेही तसेच होते. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली आणि पुढे कोकणातली व घाटावरची असंख्य घरे मुंबईच्या गिरण्यांमधून येणाऱ्या मनीऑर्डरींवर उभी राहिली. पोस्टमन दारात येऊन नोटा मोजून हातावर ठेवी. लिहिता न येणाऱ्या म्हातारीचा अंगठा घेताना साक्षीदाराची सही लागे. बऱ्याचदा कुपनावरचा चार ओळींचा मजकूरही तोच वाचून दाखवी. बँकेत पैसे काढायचे तर स्लिप भरायची, पितळी टोकन घ्यायचे आणि कॅशियरने पुकारेपर्यंत बाकावर बसायचे. चेक वटायला दिवस लागत. पेन्शनरांना काउंटरवरची माणसे नावाने ओळखत. ‘काका, आज एवढी मोठी रक्कम?’ असे कोणी सहज विचारले तर ते आगाऊपणाचे वाटत नसे.

हा काळ परत यावा असे कोणी म्हणणार नाही. त्याच तिसऱ्या माणसाने लाइन लवकर जोडण्यासाठी चिरीमिरी घेतली आहे, मनीऑर्डरीतून दोन रुपये कापून घेतले आहेत, विधवेच्या पेन्शनचा कागद महिनोन्‌महिने अडवला आहे. म्हणून तो बाजूला होत गेला तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९६० मध्ये कानपूर–लखनौ मार्गावर एसटीडी सुरू झाली आणि ऑपरेटरवाचून परगावी बोलता येऊ लागले. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली; एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या गावोगावी दिसू लागल्या. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले. त्या वेळी मोबाइलवर आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झाले. २०१६ मध्ये जिओ आल्यावर आउटगोइंगची किंमतही जवळजवळ नाहीशी झाली. इकडे बँकेत २०१० मध्ये आयएमपीएस आले, २०१६ मध्ये यूपीआय आले, डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस दिवसरात्र सुरू झाले. आता रविवारी पहाटे दोन वाजताही एका खात्यातले लाखो रुपये काही क्षणांत दुसऱ्या खात्यात जातात.

या प्रवासात तीन गोष्टी गेल्या. पहिला गेला तो साक्षीदार. दुसरी गेली ती उसंत, म्हणजे ठरवणे आणि घडणे यांच्यामधला वेळ. तिसरा गेला तो खर्च. परगावी तीन मिनिटे बोलायला खिशातले पैसे मोजावे लागत तेव्हा अनोळखी माणसांना रोज शेकडो फोन लावण्याचा धंदा चालूच शकला नसता. आज तो चालतो, कारण फसवणाऱ्याला फुकट गेलेल्या शंभर फोनांची झळ लागत नाही आणि लागू पडलेला एक फोन त्याला कोट्यवधी मिळवून देतो.

या बदलाची झळ सर्वांत जास्त कोणाला बसली हे समजून घ्यायला हवे. आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात असलेली पिढी ही ट्रंक कॉलच्या काळात वाढली. तिच्या लेखी फोन वाजणे म्हणजे काहीतरी महत्त्वाचे. रात्री वाजला तर जन्म किंवा मृत्यू. फोन उचलायचाच, समोरच्याचे ऐकून घ्यायचे, मध्येच ठेवून द्यायचा नाही, हे त्या पिढीचे शिष्टाचार आहेत. त्याच पिढीने रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी सरकारी कचेऱ्यांपुढे रांगा लावल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे तिने ऐकले आणि आयुष्यभर पाळले. कागदावर राजमुद्रा दिसली की तिला छाती दडपल्यासारखे होते. जन्मभर एक पैसा बुडवला नाही, पोलीस ठाण्याचे तोंड पाहिले नाही, हीच त्या माणसांची कमाई असते. ठग नेमके तिथेच बोट ठेवतो. ‘तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून मनी लाँडरिंग झाले आहे’ हे वाक्य लबाड माणसाला फारसे हलवत नाही. ते हादरवते सरळ माणसाला.

म्हणून ‘म्हातारी माणसे भोळी असतात, लोभी असतात’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, याच पद्धतीने ७ कोटी रुपयांना फसवण्यात आले. त्यांच्यासमोर व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी उभी करण्यात आली होती, तीही तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंग घेऊन. अवाढव्य उद्योग चालवणाऱ्या माणसाला जो देखावा खरा वाटला, तो निवृत्त शिक्षकाला किंवा नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या आजींना खरा वाटला तर त्यात नवल काय?

या गुन्ह्याची रीत आता ठरून गेली आहे. पहिला फोन कुरिअर कंपनीच्या किंवा दूरसंचार खात्याच्या नावाने येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या सिमकार्डावरून गुन्हा घडला, असे सांगितले जाते. मग फोन ‘मुंबई गुन्हे शाखेकडे’, सीबीआयकडे किंवा ईडीकडे दिला जातो. मुंबई पोलिसांचा देशभर जो दबदबा आहे तोच इथे हत्यार बनतो. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह, हातात शिक्क्याचे कागद. बोलणाऱ्याला तुमचे नाव, पत्ता, आधार क्रमांकाचे आकडे, बँकेचे नाव आधीच ठाऊक असते, कारण ही माहिती ठिकठिकाणांहून गळून बाजारात विकली जाते. ‘याला एवढे ठाऊक आहे म्हणजे हा सरकारीच असणार’ असे वाटते. आणि मग येतो मुख्य हुकूम: कॅमेरा बंद करायचा नाही, फोन ठेवायचा नाही आणि कोणालाही सांगायचे नाही. मुलालाही नाही. सांगितलेत तर तोही अडकेल. यानंतर मागितलेले पैसे हा केवळ शेवट असतो. खरा गुन्हा त्या माणसाला एकटे पाडले गेले तेव्हाच घडून गेलेला असतो.

मुंबईतील ८६ वर्षांच्या एका आजींकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात अशाच प्रकारे २० कोटींहून अधिक रुपये उकळले गेले. दोन महिन्यांहून जास्त काळ हे चालू होते. त्या खोलीबाहेर फारशा येत नाहीत, वागणे पालटले आहे, हे घरकाम करणाऱ्या बाईंच्या लक्षात आले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. बँकेतल्या एखाद्या सावध कर्मचाऱ्याने घाबरलेल्या वृद्ध ग्राहकाला बसवून घेतले, पाणी दिले, विचारपूस केली आणि मुदतठेव मोडण्याआधीच डाव उघडा पडला, अशाही बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते. हे जाळे तंत्रज्ञानाने तुटते त्याहून जास्त वेळा कोणीतरी तिसऱ्याने डोकावल्याने तुटते.

ही गोष्ट आपल्या कायद्याला फार पूर्वीच कळली होती. अटकेच्या वेळी नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले पाहिजे, अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबीयाची अथवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष हवी, हे दंडक डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहेत. त्याच संहितेनुसार ६० वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीसाठी पोलिसांनी त्यांच्या राहत्या ठिकाणाबाहेर बोलावायचे नाही, चौकशी घरी येऊन करायची. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरील व्यक्तीला अटक करायची तर किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. आणि अटक म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात घेणे. व्हिडिओ कॉलवरून अटक होतच नाही. खरा कायदा म्हणतो, घरच्यांना कळवा. खोटा कायदा म्हणतो, घरच्यांना कळू देऊ नका. प्रत्येक वृद्ध नागरिकाच्या मनावर बिंबवण्यासारखी एकच खूण निवडायची झाली तर ती हीच आहे. आयएफएससी कोड, लिंक, ओटीपी, स्पूफिंग यांचे बारकावे ध्यानात राहिले नाहीत तरी चालतील. जो कोणी ‘कुणाला सांगू नका’ म्हणेल तो चोर, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. पण जे झाले त्याची दिशा पाहावी लागेल. नको असलेल्या फोनांचा उपद्रव सुरुवातीला कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा विकणाऱ्यांचा होता. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००७ मध्ये पहिले नियम केले, २०११ पासून नवी व्यवस्था आणली, असे फोन नकोत हे नोंदवण्यासाठी १९०९ हा क्रमांक दिला आणि २०१८ मध्ये नियम पुन्हा नव्याने लिहिले. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक ठरले, बँकांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ची मालिका आली. या सर्व काळात मूळ गृहीतक एकच राहिले: ज्याला त्रास नको त्याने नोंदणी करावी, त्याने तक्रार करावी, त्याने क्रमांक ओळखायला शिकावे. दारावर आलेल्याला अडवण्याची जबाबदारी घरमालकावर, आणि घरमालक ऐंशी वर्षांचा. व्यवस्थेच्या अंगी बळ कुठे आहे ते २२ ऑक्टोबर २०२४ रोजी दिसले. परदेशातून येणारे पण भारतीय क्रमांक दाखवणारे बनावट फोन दूरसंचार जाळ्यातच अडवणारी यंत्रणा त्या दिवशी सुरू झाली आणि पहिल्या चोवीस तासांत सुमारे १.३५ कोटी फोन अडवले गेल्याचे सरकारने सांगितले. म्हणजे उगमाशीच अडवणे शक्य होते. ते इतकी वर्षे झाले नाही.

दरम्यान आकडे चढत राहिले. डिजिटल अरेस्ट आणि त्याच्याशी संबंधित गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या, २०२४ मध्ये त्या १,२३,६७२ झाल्या. रक्कम ९१ कोटींवरून १,९३५ कोटींवर गेली. हे आकडे सरकारने संसदेत दिलेले आहेत. यात न नोंदवलेल्या तक्रारी नाहीत, आणि लाजेपोटी गप्प राहिलेल्या वृद्धांची संख्या मोजायला कोणतेही साधन नाही. या साखळीचे दुसरे टोकही विसरता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या सायबर गुन्ह्यांच्या तळांवरून ५४९ भारतीयांना परत आणले गेले. नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांतल्या अनेकांना फोनवर लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले होते. एका टोकाला भारतातले बेकार तरुण, दुसऱ्या टोकाला भारतातले एकटे वृद्ध, आणि मध्ये सीमेपलीकडल्या टोळ्या, असे हे चित्र आहे.

आता पैशाच्या बाजूकडे वळू, कारण तिथे सर्वांत जास्त करण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण दिले. बँकेचा वा त्याचा दोष नसेल आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले तर त्याचे नुकसान बँक सोसते. पण डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. कागदावर तो व्यवहार ‘अधिकृत’ ठरतो आणि संरक्षण गळून पडते. बंदुकीच्या धाकाने केलेली सही आपण सही मानत नाही. मग आठवडाभर कॅमेऱ्यासमोर कोंडून घेतलेला ओटीपी संमती कसा ठरतो?

इतर देशांनी हा प्रश्न सोडवायला सुरुवात केली आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम परत देणे बँकांना बंधनकारक झाले, आणि हा भार पैसे पाठवणारी व स्वीकारणारी अशा दोन्ही संस्थांनी निम्मा निम्मा उचलायचा आहे. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण चोराचे खाते ज्या बँकेत उघडले गेले तिलाही जाब द्यावा लागतो. सिंगापूरने जुलै २०२५ पासून पोलिसांना असा अधिकार दिला की, फसवणुकीच्या पकडीत सापडलेला माणूस समजावूनही ऐकत नसेल तर त्याच्या खात्यातले व्यवहार काही काळ थांबवण्याचा आदेश बँकेला देता येईल. माणसाच्या स्वातंत्र्यात हा हस्तक्षेप आहे, यात शंका नाही. पण त्या घडीला तो माणूस स्वतंत्र नसतोच.

आपल्याकडे काय हवे? पहिले म्हणजे उसंत परत हवी. ठरावीक वयापुढच्या खातेदाराने कधीही पैसे न पाठवलेल्या खात्याला मोठी रक्कम पाठवली, तर ती एक दिवस वाटेत थांबावी. मुदतठेव वेळेआधी मोडून लगेच बाहेर जाणाऱ्या पैशाबाबत तर हे सक्तीचेच असावे. औषधपाण्यासाठी रुग्णालयाला, नेहमीच्या खात्यांना, मुलांना जाणारे पैसे यातून वगळता येतील. दुसरे म्हणजे साक्षीदार परत हवा. जसा खात्याला नॉमिनी नेमता येतो तसा विश्वासातला एक माणूस नेमता यावा. त्याला पैसे काढता येऊ नयेत, शिल्लकही दिसू नये. मोठा, अनोळखी व्यवहार होऊ घातला तर त्याला फक्त कळावे. हे पर्याय स्वेच्छेचे असावेत, पण बँकेने ते प्रत्येक ज्येष्ठ खातेदाराला समजावून सांगणे बंधनकारक असावे. तिसरे, भाड्याने दिलेल्या खात्यांवर कारवाई. चोरलेला पैसा कोणाच्या ना कोणाच्या खात्यातच उतरतो. अशी खाती राजरोस चालू देणाऱ्या बँकेला नुकसानीचा वाटा उचलावा लागला तर ती शोधण्याची कला बँका चटकन शिकतील. असे काही पर्याय आज चर्चेत आहेत. ते चर्चेतच अडकू नयेत.

चौथी गोष्ट कायद्यातल्या एका जुन्या त्रुटीची. ज्यांची स्मृती ढळू लागली आहे अशा वृद्धांना ठग पुन्हा पुन्हा गाठतो, कारण कालचा फोन त्यांना आज आठवत नाही. अशा आईने शुद्धीत असताना मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले तरी भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार, ते देणारा मनाने अक्षम झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज पडते त्याच दिवशी तो निकामी होतो. मग उच्च न्यायालयात धाव घेऊन पालक नेमून घ्यावा लागतो. ब्रिटनने २००५ च्या कायद्याने टिकाऊ मुखत्यारपत्राची सोय केली आहे. आपला हा कायदा १८७२ चा आहे. तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेत माणसे दशकभर जगतील अशी कल्पना कोणी केली नव्हती. ज्या देशात २०११ च्या जनगणनेतच साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती, त्या देशाने ही सुधारणा आणखी लांबणीवर टाकू नये.

आणि घर? मुले पुण्या-बंगळुरूत किंवा अमेरिकेत, आईवडील सांगली-साताऱ्यात. गोव्यातल्या कित्येक गावांत तर मुले आखातात किंवा लंडनला आणि घर सांभाळायला दोन वृद्ध. अशा वेळी काळजीपोटी पहिली कृती होते ती स्मार्टफोन काढून घेण्याची, खात्याचे सगळे व्यवहार आपल्या हाती घेण्याची. ती चुकीची आहे. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला आपल्याच पैशाचा हिशेब मुलाकडे मागायला लावणे ही वेगळ्या तऱ्हेची लूट आहे. शिवाय ज्येष्ठांना आर्थिक त्रास देणाऱ्यांत घरची माणसेही असतात, हे वास्तव नाकारून चालणार नाही. राखण करणारा आणि मालक यांतला फरक घरानेही पाळायला हवा.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत, आणि त्या आईवडिलांना विचारून, त्यांच्या शेजारी बसून करायच्या आहेत. अनोळखी क्रमांकाचे फोन वाजणारच नाहीत अशी सोय बहुतेक फोनांत आणि व्हॉट्सअॅपवर असते, ती चालू करावी. रोजच्या खर्चाचे खाते वेगळे ठेवून यूपीआय तेवढ्यालाच जोडावे. मोठ्या ठेवी संयुक्त नावावर असाव्यात आणि त्या दोघांच्या सहीनेच मोडता याव्यात. ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा बँकेला सांगून खाली आणावी. १९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावा, कारण पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात कळवले तर ते वाटेतच गोठवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. रोज ठरलेल्या वेळी आईशी बोलणे व्हावे. आवाजातला बदल कोणत्याही यंत्राआधी लेकीला कळतो. घरकामाच्या बाई, सोसायटीचा वॉचमन, शेजारच्या काकू यांनाही सांगून ठेवावे की काही वेगळे वाटले तर निःसंकोच फोन करा.

सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेची गोष्ट म्हणजे न रागावणे. ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरातले वडील पुढच्या वेळी काही सांगणार नाहीत. पुढची वेळ येतेच, कारण एकदा फसलेल्याचे नाव ठगांच्या यादीत वर जाते आणि ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो’ असा नवा फोन येतो. घरातल्या धाकाने माणूस गप्प बसतो आणि ठगाला हवे असलेले एकटेपण त्याला आयते मिळते.

महाराष्ट्राकडे यासाठी एक मोठे बळ आहे. गावोगावी, वॉर्डावॉर्डांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा राज्यव्यापी महासंघ आहे, बागांमधले कट्टे आहेत, भिशी आणि भजनी मंडळे आहेत. पोलिसांनी आणि बँकांनी शाळा-महाविद्यालयांत व्याख्याने देण्यापेक्षा इथे यावे. एखाद्या सभासदाने ‘मला असा फोन आला होता’ असे उभे राहून सांगितले की उरलेले पन्नास जण सावध होतात. समवयस्काच्या तोंडून ऐकलेली गोष्ट शंभर जाहिरातींपेक्षा खोल रुजते. हरवलेला साक्षीदार असा सामूहिक रूपातही परत आणता येतो.

आपण फोनमधला आणि पैशातला तिसरा माणूस काढला तो स्वातंत्र्यासाठी. ते स्वातंत्र्य खरे होते आणि ते वृद्धांचेही आहे. ऐंशीव्या वर्षी आपल्या मर्जीने नातवाशी बोलता यावे, आपल्या पेन्शनमधून हवे तसे खर्च करता यावे, हा त्यांचा हक्क आहे. पण कोणत्याही समाजाने मोकळीक दिली की तिची राखण कोण करणार हेही त्याच वेळी ठरवायचे असते. ते आपण केले नाही. दूरसंचार कंपन्यांनी फोन स्वस्त केला, बँकांनी पैसा वेगवान केला, सरकारने या दोन्हींचे श्रेय घेतले, आणि त्यातून उद्भवलेल्या धोक्याचे ओझे मात्र देशातल्या सर्वांत थकलेल्या खांद्यांवर ठेवले. ते तिथून उचलून या व्यवस्थेतून नफा मिळवणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर ठेवणे, हे संसदेचे आणि रिझर्व्ह बँकेचे पुढचे काम आहे. ते होईपर्यंत आपल्या घरातल्या, आपल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहणे हे आपले काम आहे, आणि ते झाल्यावरही ते आपलेच राहणार आहे.